मागून आवाज आल्याशिवाय

जेवणं उरकली आणि नेमकी वीज गेली. उकाडा होता म्हणून भाचा आणि भाची सतरंजी घेऊन गच्चीवर आले, आणि त्यांच्या मागोमाग कठड्याला धरत धरत मामा आले. अंधारात कोणाचं तोंड कोणाला दिसत नव्हतं. मामा हसले की तेवढी त्यांची कवळी पांढरी दिसायची.

"मामा, तुम्ही असताना टॉर्चची गरज नाही," भाची म्हणाली.

"हसा, हसा. आपले दात आहेत तोवर हसून घ्यावं," मामा म्हणाले. "ही कवळी ज्यांनी केली ना, त्यांची एक गोष्ट आहे. ऐकीव नाही. घराचं दार अर्धं लोटून त्यांनी मला स्वतः सांगितली. सांगू का? पण मधेच घाबरलात तर खाली सोबत करायला मी येणार नाही. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत."

"सांगा हो. भूत आहे का?"

"मला काय माहीत. मी सांगतो, तुम्ही ठरवा."

मामांनी सांगितली ती गोष्ट अशी.

कवळीवाल्यांना सगळे कवळीवालेच म्हणायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन त्यांच्याकडे पाठवायचे. हे त्यात प्लास्टर ओतून साचा करायचे, साच्यावर गुलाबी मेण चढवायचे आणि त्यात एकेक दात मांडायचे. घराची मागची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. फळ्यांवर ओळीने जबडे. त्यांची बायको म्हणायची, "घरात इतकी तोंडं, पण माझ्याशी बोलायला एक नाही."

ती हसत म्हणायची, पण मुलगी लग्न होऊन गेल्यापासून त्यातलं हसू कमी होत चाललं होतं. कवळीवाल्यांना ते कळत होतं. कळत होतं, पण काय करावं ते सुचत नव्हतं. मग एके दिवशी गल्लीतल्या गॅरेजच्या मिस्त्रीने खबर आणली, की गावाबाहेरच्या वस्तीत एक जुनी मोटारसायकल विकायची आहे. उजवीकडे गिअर, डावीकडे ब्रेक, भलामोठा एकच सिलिंडर, तीच ती धडधडणारी. कवळीवाल्यांना एकदम लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं. मित्राची अशीच गाडी मागून आणून त्यांनी बायकोला धरणावर नेलं होतं. येताना तिने पाठीला डोकं टेकलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "अशी एक घेतो बघ." घेतो घेतो म्हणता डोक्यावरचे केस गेले.

म्हणून रविवारी ते मिस्त्रीला घेऊन गाडी बघायला गेले.

एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारबुवा शाळेत चित्रकलेचे मास्तर होते आणि कानांनी पार गेलेले. तरुणपणापासूनच तसे. पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गाडी उभी होती. मास्तरांनी ताडपत्री ओढली आणि लहान मुलासारखे खुलले. टाकी गंजलेली, स्पोक तुटलेले, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. पण सांगाडा सरळ होता. मिस्त्रीने चाक फिरवून बघितलं आणि डोळ्यानेच खूण केली, घ्या.

"मला हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही," मास्तर मोठ्याने सांगत होते. "पण गाडी मी पाठीने चालवायचो. ही मागे बसली की खांद्यावर दोन थापा मारायची. टप, टप. म्हणजे बसले, निघा." त्यांनी कवळीवाल्यांच्या खांद्यावर दोन बोटांनी मारून दाखवलं.

आजी दारात उभ्या होत्या. चहा त्यांनीच केला, पण कप द्यायलासुद्धा त्या शेडच्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. हात लांब करून दिला. गाडी टेम्पोत चढली, दोर बांधून झाला, तेव्हा त्या हळूच कवळीवाल्यांजवळ आल्या.

"मागे कोणाला बसवणार का?"

"हो, आमच्या हिला. तिच्यासाठीच तर घेतोय."

"मग एक करा. तिने बोलल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हात लावला म्हणून नाही. तोंडाने बोलायला हवं. आवाज ऐकायचा आणि मगच निघायचं."

कवळीवाले हसले. जन्मभर बहिऱ्या माणसाबरोबर संसार केला, बाईला आवाजाचं अप्रूप असणारच. "बरं आजी," म्हणाले आणि टेम्पोत बसले.

घरी आल्यावर बायकोने दारातूनच विचारलं, "आणली का सवत?"

"तुझ्यासाठीच आणली."

"माझ्यासाठी आणली असती तर निदान बसायला जागा तरी असती. या सीटवर उंदीर नांदतात."

तिचं म्हणणं खरं होतं. पण कवळीवाल्यांना झपाटल्यासारखं झालं. कवळ्या घासायच्या मोटरवर त्यांनी नटबोल्ट घासले. दातांच्या फटी साफ करायच्या बारीक ब्रशाने कार्ब्युरेटर साफ केला. रिम चकाकवायला मिस्त्री, इंजिन बांधायला मिस्त्री, आणि बाकी सगळं हे स्वतः. फळीवरचे जबडे बघत राहायचे आणि हे खाली बसून स्पोक आवळत असायचे. काम संपलं की जेवायचं, जेवले की परत खोलीत. ती दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा मारायची नाही.

झोपही धड लागेना. अंथरुणावर पडलं की वाटायचं, आपण चावी काढली ना? पेट्रोलचा कॉक बंद केला ना? उठून बघायला जायचे. एकदा गेले तर मागच्या माणसाचा पाय ठेवायचा दांडा खाली पडलेला. त्यांनी तो दुमडून वर केला. स्प्रिंग कडक होती, अंगठ्याने जोर लावावा लागला. सकाळी बघतात तर पुन्हा खाली. आपणच विसरलो असू, असं त्यांनी मनाला सांगितलं. नंतर नंतर तो दांडा बघायचाच नाही असं ठरवलं, आणि ठरवल्यामुळे खोलीत शिरलं की नजर आधी तिथेच जायची.

गाडी तयार झाली. काळी कुळकुळीत. कवळीवाले महिनाभर एकटेच गावातून चक्कर मारून यायचे, इंजिन मोकळं व्हायला. एक दिवस मिस्त्री चाकाजवळ बसून टायरवर बोट फिरवत राहिला.

"कवळीशेठ, वहिनींना नेता का रोज?"

"अजून एकदाही बसली नाही. का रे?"

"काही नाही. टायर डबल सीटचं झिजलंय." मग हात झटकत म्हणाला, "शॉकअप बदलू. जुना माल, दुसरं काय."

शॉकअप बदलले. पण कवळीवाल्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. चालवताना पाठ उघडी पडल्यासारखी वाटायची. बरं, उघडी पाठ गार पडते. यांची पाठ गार पडत नव्हती.

एवढं बोलून मामा थांबले.

"पुढे?" भाचा म्हणाला.

"थांब रे. आठवतोय."

मागच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार होता. कवळीवाल्यांच्या लग्नाचा वाढदिवस शुक्रवारी होऊन गेला होता आणि ते साफ विसरले होते. तिने आठवण केली नाही. शनिवारी सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "मी घरात नसले ना, तरी तुम्हाला चार दिवस कळायचं नाही."

ती आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. कवळीवाल्यांनी हातातलं काम ठेवलं. म्हणाले, "आज धरणावर जाऊ. आत्ता ठरवलं." ती नको म्हणाली, मग बघू म्हणाली, मग कपाटातून स्वेटर काढला.

दुपारी निघाले. बसताना ती म्हणाली, "चला." तिची ती सवय. रिक्षात बसली तरी म्हणायची, चला. कवळीवाल्यांना आजींचं बोलणं आठवलं आणि मनातल्या मनात हसू आलं. धरणावर दोघं भिंतीवर बसून राहिले. ती खूप बोलली, मुलीचं, माहेरचं, कुठलं कुठलं. अंधार पडल्यावरही बराच वेळ बसले. उठताना ती म्हणाली, "सवत बरी आहे हो तुमची." कवळीवाल्यांना वाटलं, जिंकलो.

परतीचा रस्ता कालव्याच्या कडेने जातो. त्या वाटेवर दिवे नाहीत. एक पंक्चरचं दुकान आहे, तेही संध्याकाळी बंद होतं. सव्वानऊ वाजले असतील. दुकानाच्या जरा पुढे तिने ओरडून सांगितलं, "अहो, थांबा, चप्पल पडली."

त्यांनी गाडी थांबवली. बंद मात्र केली नाही. त्या गाडीची एक खोड होती. इंजिन तापल्यावर बंद केलं, तर मग किक मारून मारून पोटरी सुजली तरी चालू व्हायचं नाही. म्हणून ते तसेच बसून राहिले, पाय जमिनीला टेकून, ॲक्सिलरेटर हलकासा धरून. मान वळवली नाही, कारण मूठ सैल पडली की इंजिन बंद पडणार. ती उतरली. चपलेचा एका पायाचा आवाज मागे मागे गेला.

धड… धड… धड… इंजिन चाललेलं.

मग मागचे शॉकअप दबले.

खांद्यावर दोन बोटं पडली. टप, टप.

कवळीवाल्यांनी गिअर टाकला आणि निघाले.

वाऱ्यात बरं वाटत होतं. ते बोलू लागले. "उन्हाळ्यात मुलीकडे जाऊ या का? याच गाडीने. वाटेत थांबत थांबत." मागून उत्तर आलं नाही. दमली असेल. "अगं, कालचं डोक्यात ठेवू नकोस. विसरलो, चुकलं." उत्तर नाही. पण पाठीला काहीतरी टेकलं. डोकं असावं. लग्नाच्या पहिल्या वर्षी टेकलं होतं, तसंच. कवळीवाल्यांना भरून आलं.

तेवढ्यात शर्टाच्या खिशातला फोन वाजला.

या रस्त्यावर थांबायला नको असं त्यांना वाटलं. "बघ गं कोणाचा आहे. घाल खिशात हात."

काखेखालून हात आला. खिशात शिरला. स्वेटरची बाही हाताला नव्हती. उकडत असेल, काढला असेल, असं त्यांना वाटलं. हाताने फोन बाहेर काढला. फोन वाजतच होता. मग तो हात हळूहळू वर आला, खांद्यावरून पुढे आला, आणि त्याने फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

पडद्यावर नाव होतं, 'सरकार'.

बायकोचा नंबर त्यांनी थट्टेने त्याच नावाने ठेवला होता.

फोनच्या उजेडात बोटं दिसली. सरळ. लांब. नखं नव्हती. सांध्यांवरच्या सुरकुत्या नव्हत्या. मेणाची असावीत तशी.

कवळीवाल्यांना गाडी थांबवायचं भान राहिलं नाही. डाव्या हाताने त्यांनी फोन ओढून घेतला. बोटांनी तो सोडला, अगदी सहज. त्यांनी तो कानाशी धरला.

"अहो, मला टाकून कुठे निघालात?" तिला धाप लागली होती. "मी मागून पळतेय, हाका मारतेय…" मग ती थांबली. आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आणि तुमच्या मागे कोण बसलंय?"

…

कवळीवाल्यांनी ब्रेक लावला. गाडी थांबली. इंजिन चालू. मागे वजन तसंच.

टप, टप.

ते हलले नाहीत.

टप, टप.

ते मला म्हणाले, त्या वेळी सगळ्यात मोठी भीती मागे बसलंय त्याची नव्हती. भीती ही होती की ती तिथे एकटी आहे. आणि तिच्याकडे जायचं तर याला घेऊन जायला लागणार. उतरून पळावं? पळून तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागणार. आणि गाडी इथे सोडली तर… हे गाडीवरच राहील कशावरून?

त्यांनी गाडी वळवली.

वळताना मागचं वजन पुढे सरकलं. पाठीला चिकटलं. थापा थांबल्या. आता दोन्ही खांद्यांवर हात होते. दाबत नव्हते. नुसते ठेवलेले.

रस्ता. कालवा. दिव्याचा पिवळा गोल. त्यांनी बायकोचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. मोठ्याने घेत राहिले.

दुकान आलं. दिव्यात ती दिसली. एक चप्पल पायात, एक हातात. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"बस," ते म्हणाले. काय बोलतोय ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

ती जागची हलली नाही.

"आधी तुम्ही उतरा," ती म्हणाली. पाहुण्यांसमोर बोलावं तशा आवाजात. "गाडी बंद करा. उतरा. माझ्याकडे बघत या. मी बोलत राहते, तुम्ही या. मी आहे इथे. मी बोलतेय. या."

त्यांनी चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. इतकी शांतता की कालव्याचं पाणी ऐकू यायला लागलं. गाडी त्यांनी तशीच आडवी सोडून दिली आणि तिच्या आवाजाच्या रोखाने चालत गेले. तिने हात धरला. हात गरम होता, घामेजलेला होता. बोटांना सुरकुत्या होत्या. कवळीवाले मला म्हणाले, "आयुष्यात एवढा सुंदर हात मी पाहिला नाही."

मागे, अंधारात, पाय ठेवायचा दांडा दुमडल्याचा आवाज आला. टक्.

घरापर्यंत दोघं चालत आले. वाटभर ती बोलत होती. डाळ संपली, पडदे धुवायचे, काय वाटेल ते. आणि हे प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते.

"मामा," भाची म्हणाली. तिने सतरंजीचं टोक पायांवर ओढून घेतलं होतं. "ती मास्तरांची बायको होती ना? मेलेली?"

"मेलेली कशी असेल? चहा कोणी केला मग?"

भाची भाच्याच्या बाजूला सरकली.

"कवळीवालेही आधी तुझ्यासारखंच काहीतरी समजत होते," मामा म्हणाले. "सकाळी त्यांनी मिस्त्रीला घेऊन गाडी उचलून आणली आणि तडक मास्तरांकडे गेले. आजींनी दार उघडलं, तोंड बघितलं, आणि काही न विचारता पाणी आणून दिलं. म्हणाल्या, पंचवीस वर्षं झाली. रस्त्यात पिशवी पडली म्हणून मी उतरले. पाठमोऱ्या यांना कितीही हाका मारल्या तरी ऐकू येणार थोडंच? दोन थापा पडल्या म्हणून हे निघून गेले. घरी पोचेपर्यंत मागच्या बाईशी गप्पा मारत होते. मी पहाटे चालत घरी आले, तर हे शेडमध्ये गाडीवर बसलेले. उतरायला तयार नाहीत. मान न वळवता मागच्या सीटला म्हणे, तू आधी उतर."

"मग त्यांनी विकली कशाला?" भाचा चिडून म्हणाला. "दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची?"

"कवळीवालेही हेच म्हणाले. आजी म्हणाल्या, आम्हीही कोणाकडून तरी घेतलीच होती की. त्याने तर काहीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं तुम्हाला."

मामांनी घसा खाकरला.

"कवळीवाल्यांनी गाडी कोणाला विकली नाही. गिऱ्हाइकं चिक्कार होती, नवीकोरी दिसत होती ना. त्यांनी भंगारवाल्याला घरी बोलावलं. टाकी चेपली, सांगाडा कापला, इंजिन घणाने फोडलं. तुकड्यांबरोबर भट्टीपर्यंत गेले आणि शेवटचा तुकडा आत जाईपर्यंत तिथे उभे राहिले. मिस्त्री रडला म्हणतात. हे नाही रडले. आता दोघं कुठेही जायचं तर चालत किंवा बसने जातात. आणि घराबाहेर पडताना ती मोठ्याने म्हणते, चला. हे थांबतात, ऐकतात, मग पाऊल टाकतात."

"संपली?" भाच्याने विचारलं. आवाज जरा मोकळा झाला होता.

"गाडीची संपली. माझी कवळी त्याच्यानंतरची आहे. उन्हाळ्यातली. तोवर गाडीचा खिळासुद्धा शिल्लक नव्हता."

मामांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि काहीतरी काढून भाचीच्या हातावर ठेवलं. जड होतं, खडबडीत होतं.

"हा माझ्या वरच्या जबड्याचा साचा. ठशात प्लास्टर ओततात, मग काचेवर पालथा ठेवतात, खालची बाजू सपाट यावी म्हणून. काचेला टेकलेली बाजू काचेसारखीच निघणार, दुसरं काही होऊच शकत नाही. त्या दिवशी कवळीवाल्यांनी साचा काचेवर ठेवला, खोलीला बाहेरून कडी लावली आणि दोघं जेवायला बसले. परत येऊन साचा उचलला. मी कवळी न्यायला गेलो तर तो माझ्या हातात देऊन म्हणाले, हा तुम्ही घेऊन जा. मला घरात नको."

"का?"

"उलटा कर. खालची बाजू बघ. उजेड नको, बोटांनीच बघ."

भाचीने साचा उलटा केला. एका बाजूला हिरड्यांचा उंचवटा होता. दुसरी बाजू गार, सपाट. तिचं बोट हळूहळू पुढे सरकत गेलं आणि थांबलं.

शेजारी शेजारी दोन खळगे होते. बोटाच्या पेरांएवढे. तिने आपली दोन बोटं त्यांत ठेवली. बरोबर बसली.

आतून गुळगुळीत होते. एकही रेघ नव्हती.